जुन्या मराठी फायलींसाठी घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी टाकताना

मामांच्या बंद पडलेल्या छापखान्यातल्या लोखंडी कपाटात सीड्यांचा एक डबा आहे. एकेका सीडीवर मार्करने लिहिलंय: ‘पतसंस्था अहवाल’, ‘लग्नपत्रिका नमुने’, ‘शाळा स्मरणिका २००४’. स्मरणिकेची सीडी मी घरच्या नव्या लॅपटॉपला लावली. सीडी वाचली गेली, फायलींची यादी दिसली, पण पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल उघडायला लॅपटॉपमध्ये काहीच नव्हतं. वर्डची एक फाइल उघडली, तर मुख्याध्यापकांच्या मनोगताच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरच्या खुणांचा काला. मजकूर तिथेच होता, पण वाचता येत नव्हता.

अशी सीडी किंवा जुनी हार्डडिस्क पुष्कळ मराठी घरांत पडून आहे. कुणाच्या वडिलांचं डीटीपी सेंटर होतं, कुणाची आई दिवाळी अंकाचं टायपिंग करायची. ते काम पुन्हा उघडायचा सर्वांत सरळ रस्ता म्हणजे त्या काळचा कॉम्प्युटर आणि त्यावर त्या काळची विंडोज. हा लेख त्यासाठी आहे. पूर्वी कधी विंडोज टाकली नसेल तरी चालेल, पण घाई नको. एक अख्खा रविवार मोकळा ठेवा.

आधी खात्री करा, एक्सपी खरंच लागणार आहे का?

जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते. आज ‘क’ला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. तेव्हा प्रत्येक कंपनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपापली मराठी अक्षरं बसवायची. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगळूरचं आकृती, प्रत्येकाची मांडणी वेगळी. म्हणून फॉन्ट नसला की तोच मजकूर इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो.

यातून एक सोपी गोष्ट निघते. तुमच्याकडे नुसती वर्डची फाइल असेल आणि त्याच फॉन्टची टीटीएफ फाइल जुन्या डिस्कवर सापडली, तर ती नव्या लॅपटॉपमध्ये इन्स्टॉल करून बघा. बहुतेक वेळा मजकूर लगेच दिसतो आणि एक्सपीची गरजच उरत नाही. जुन्या डिस्कवर विंडोज फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’ या फोल्डरात आधी तेवढं शोधा.

एक्सपी लागते ती पुढच्या तीन अडचणींत. पहिली, फाइल पेजमेकरची आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७, ती २००१ साली आली. नंतर अडोबीने इनडिझाइनवर भर दिला. इनडिझाइन सीएस६ पर्यंत पेजमेकर ६ पासूनच्या फायली उघडायची, पुढच्या आवृत्त्यांनी ते बंद केलं. दुसरी, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालणारं आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे लावायचा तो छोटा ठोकळा. तिसरी, सॉफ्टवेअर किंवा त्याचा सेटअप इतका जुना, १६ बिटचा आहे की आजची ६४ बिट विंडोज त्याला हातच लावत नाही.

डोंगल यूएसबीचा असेल किंवा डोंगल नसेलच, तर व्हर्च्युअलबॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेऊन त्याच्या आत एक्सपी टाकता येते. तेही चांगलं, जागाही अडत नाही. पण डोंगल प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टचा असेल, तर खरा जुना कॉम्प्युटरच हवा. मामांचा तसाच होता, म्हणून मी खाटेखालचा कॉम्प्युटर बाहेर काढला.

कोणता कॉम्प्युटर चालेल

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज अगदी थोडी होती: २३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, दीड जीबी डिस्क. एवढ्यावर ती रडतखडत चालते. ५१२ एमबी रॅम असेल तर पेजमेकर मोकळेपणाने चालतो, १ जीबी असेल तर आणखी काही मागायला नको. ३२ बिट एक्सपीला ४ जीबी लावली तरी साधारण सव्वातीन जीबीच्या आसपासच वापरता येते, त्यामुळे जास्त रॅमवर पैसे घालू नका.

पेंटियम ४, कोअर टू ड्युओ, त्या काळचे एएमडी ॲथलॉन, हे या कामाचे खरे सोबती. इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपर्यंत, म्हणजे २०१२च्या आसपासपर्यंत, ग्राफिक्सचे एक्सपी ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला चालवता येण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर, मिळतात. त्यानंतरच्या मशीनवर एक्सपी टाकायचा हट्ट धरू नका. बूटची पद्धत बदललेली, ड्रायव्हर नाहीत, नव्या एनव्हीएमई डिस्क एक्सपीला दिसत नाहीत. यात दिवसच्या दिवस जातात.

जुनं मशीन सुरू करण्याआधी कॅबिनेट उघडा. वायर काढून, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. मदरबोर्डवरच्या नळकांडीसारख्या कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत की फुगलेली, ते बघा. २००० ते २००७च्या दरम्यानच्या बऱ्याच बोर्डांवर खराब कपॅसिटर बसले होते. फुगलेले किंवा चिकट द्रव गळालेले दिसले, तर त्या बोर्डावर मेहनत करू नका. एक किंवा तीन लांब बीप येऊन स्क्रीन काळाच राहिला, तर बहुधा रॅमचा संपर्क नीट नाही. रॅमची पट्टी काढून सोनेरी कडेवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका आणि दोन्ही बाजूंचे चाप खट्कन बसेपर्यंत दाबून बसवा. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात बंद राहिलेल्या मशीनला एवढ्यानेही जाग येते.

मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी बदलाच. सीआर २०३२ असा तिचा नंबर, घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती मेली असेल तर कॉम्प्युटर प्रत्येक वेळी वीसेक वर्षं मागची तारीख दाखवतो आणि तुम्ही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, केलेले बदलही विसरतो.

जुन्या डिस्कला हात लावू नका

हे मी सर्वांत ठासून सांगतोय, कारण यात माझं नुकसान झालं आहे. पहिल्या खेपेला मी मशीनमध्ये दोन डिस्क जोडून ठेवल्या होत्या. एक मामांची, कामाची. दुसरी रिकामी, एक्सपीसाठी आणलेली. दोन्ही ४० जीबीच्या. सेटअपच्या निळ्या स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसल्या आणि मी चुकीचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, उडवलं. मामांनी दोन वर्षं जमवलेले पत्रिकांचे नमुने गेले. काही सीड्यांवर होते ते मिळाले, बाकीचे परत आले नाहीत.

म्हणून नियम एकच. जुनी डिस्क बाहेर काढा, वर चिठ्ठी लावा आणि कपाटात ठेवा. एक्सपी दुसऱ्या डिस्कवर टाका. सेटअप चालू असताना कॅबिनेटमध्ये एकच डिस्क जोडलेली असली पाहिजे, आणि पेनड्राइव्हही काढलेला. आयडीई पद्धतीच्या, म्हणजे रुंद चपट्या केबलच्या, जुन्या डिस्क आता नव्या मिळत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली अशा ठिकाणी वापरलेल्या मिळतात, किंवा आयडीई ते साटा अडॅप्टर घेऊन साटा, म्हणजे नंतरच्या पद्धतीची, डिस्क लावता येते. आयडीई डिस्कच्या मागे जंपर नावाची इवलीशी टोपी असते. डिस्क एकटीच असेल तर जंपर ‘मास्टर’वर ठेवा, आणि सीडी ड्राइव्ह दुसऱ्या केबलवर घ्या. कोणता जंपर कुठे, याचं चित्र डिस्कच्या लेबलवरच असतं.

जुन्या डिस्कवरच्या फायलींची प्रतही आजच काढा. आयडीई ते यूएसबी असा कन्व्हर्टर मिळतो. तो लावून डिस्क लॅपटॉपला जोडा आणि सगळं कॉपी करा. वीस वर्षं पडून असलेली डिस्क किती वेळा फिरेल, याचा भरवसा धरू नये.

काय काय जवळ हवं

एक्सपीची मूळ सीडी आणि तिची २५ अक्षरांची प्रॉडक्ट की. की सीडीच्या कव्हरवर किंवा कॅबिनेटला चिकटवलेल्या स्टिकरवर असते. स्टिकर पुसट झालं असेल तर टॉर्च तिरकी धरून फोटो काढा, अंकांचा ठसा उमटतो. नेटवर फिरणाऱ्या ‘खास’ एक्सपीच्या प्रती घेऊ नका. कोणी त्यात काय भरलंय ते कळत नाही, आणि बऱ्याचशांतून आपल्याला लागणाऱ्या भारतीय भाषांच्या फायलीच काढून टाकलेल्या असतात.

सीडीवर सर्व्हिस पॅक, म्हणजे मायक्रोसॉफ्टने नंतर काढलेल्या दुरुस्त्यांचा गठ्ठा, कितवा आहे ते बघा. पहिल्या, म्हणजे सर्व्हिस पॅक नसलेल्या सीडीला १३७ जीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण दिसत नाही. सर्व्हिस पॅक २ किंवा ३ असलेली सीडी मिळाली तर पुढचे खूप त्रास वाचतात.

दुसरं म्हणजे ड्रायव्हर. हे आधीच गोळा करा, नंतर नव्हे. एक्सपी टाकून झाल्यावर नेट नसतं, कारण नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नसतो. असला तरी एक्सपीबरोबरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये आजच्या बहुतेक साइट उघडत नाहीत. मदरबोर्डवर छापलेला मॉडेल नंबर वाचा, आणि लॅपटॉपवरून चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपा), ग्राफिक्स, साउंड आणि लॅन (नेटवर्क) हे चार ड्रायव्हर, सर्व्हिस पॅक ३ची फाइल (सुमारे ३१६ एमबी) आणि डोंगलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. आजकालचे मोठे पेनड्राइव्ह एक्सएफएटीमध्ये येतात आणि एक्सपीला ते जसेच्या तसे वाचता येत नाहीत.

तिसरं, यूपीएस. फॉरमॅट चालू असताना वीज गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बायोसमध्ये दोन बदल

कॉम्प्युटर चालू करताच डिलीटचं बटण टकटक दाबत राहा. ब्रँडेड मशीनवर एफ २ किंवा एफ १० असतं, पहिल्या स्क्रीनच्या तळाशी लिहिलेलं दिसतं. आत गेल्यावर आधी तारीख आणि वेळ बरोबर करा. मग बूट ऑर्डरमध्ये सीडी ड्राइव्ह पहिला करा.

साटा डिस्क असेल तर दुसरा बदल महत्त्वाचा. ‘साटा मोड’ किंवा तशाच नावाचा पर्याय शोधा आणि एएचसीआय असेल तर आयडीई किंवा कम्पॅटिबल करा. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नाही. हा बदल राहिला तर सेटअप थोडा पुढे जाऊन निळा स्क्रीन येतो आणि त्यावर शेवटी ‘७बी’ असलेला आकडा दिसतो. लोक समजतात डिस्क गेली. डिस्क ठणठणीत असते, फक्त एक्सपीला ती दिसत नाही. बदल करून एफ १० दाबा, सेव्ह होऊन मशीन पुन्हा सुरू होईल.

निळा स्क्रीन

काळ्या पडद्यावर ‘प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी’ अशी ओळ येते. पाचेक सेकंदांत कोणतंही बटण दाबा. मग निळा स्क्रीन येऊन खालच्या पट्टीत एकामागून एक फायलींची नावं पळतात. सुरुवातीलाच एफ ६ दाबायला सुचवतो, ते दुर्लक्षा.

पहिल्या स्क्रीनवर तीन पर्याय येतात. एंटर दाबा. ‘आर’ हा दुरुस्तीचा पर्याय आहे, तो आपल्याला नको. मग लायसन्सचा करार येतो, तो एफ ८ दाबून मान्य करा.

आता डिस्कची यादी. घाई करू नका. डिस्कचा आकार वाचा आणि ती आपणच लावलेली रिकामी डिस्क आहे, याची खात्री करा. तिच्यावर जुनी पार्टिशन्स असतील तर बाणाच्या बटणाने त्यावर जाऊन ‘डी’ दाबा. जुनी विंडोज असलेलं पार्टिशन असेल तर तो पुन्हा विचारतो, तेव्हा एंटर आणि मग ‘एल’. सगळं उडवल्यावर ‘अनपार्टिशन्ड स्पेस’ एवढंच उरतं. त्यावर ‘सी’ दाबा आणि आकार टाका. मी दोन भाग करतो: सी ड्राइव्हला २० जीबी, म्हणजे २०००० हा आकडा, आणि बाकीची जागा कामासाठी नंतर. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तरी कामाचा भाग तसाच राहतो.

नवं पार्टिशन निवडून एंटर दाबलं की फॉरमॅटचे पर्याय येतात. एनटीएफएस घ्या. वापरलेली डिस्क असेल तर ‘क्विक’ घेऊ नका, पूर्ण फॉरमॅट करा. अर्धा-पाऊण तास लागेल, पण पृष्ठभाग खराब असेल तर तो आत्ताच कळतो.

यानंतर फायली कॉपी होतात. इथे कधी कधी ‘अमुक फाइल कॉपी करता येत नाही’ असा संदेश येतो. एंटर म्हणजे पुन्हा प्रयत्न, एस्केप म्हणजे ती फाइल सोडून पुढे. एस्केप कधीच दाबू नका, अर्धवट विंडोज पुढे रोज त्रास देते. सीडी काढून मऊ सुती कापडाने आतून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका, आणि पुन्हा एंटर. तरीही वेगवेगळ्या फायलींवर अडत राहिला तर सीडी नव्हे, रॅम संशयित आहे. दोन पट्ट्या असतील तर एक काढून बघा.

कॉपी संपल्यावर मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि पुन्हा तीच ‘प्रेस एनी की’ ओळ येते. या वेळी काहीही दाबू नका. नवखा माणूस इथेच अडकतो. बटण दाबलं की सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि आपल्याला वाटतं मशीन गोल गोल फिरतंय. हात मागे घ्या, ओळ निघून जाऊ द्या.

उरलेली ३९ मिनिटं

आता रंगीत स्क्रीन येतो, डावीकडे ‘३९ मिनिटं’ बाकी असल्याचं दिसतं. जुन्या मशीनवर ती ३९ मिनिटं तासाचीही होतात. मध्ये स्क्रीन क्षणभर काळा होतो, उपकरणं ओळखण्याचं काम चाललेलं असतं. घाबरून रीसेट दाबू नका.

३३ मिनिटं उरलेली असताना भाषा आणि प्रदेशाचं पान येतं. ते तसंच ठेवून पुढे जा, मराठीचं काम नंतर नीट करू. नाव इंग्रजीत लिहा. प्रॉडक्ट की टाकताना बी आणि ८, जी आणि ६ यांत गफलत होते, दोनदा वाचा. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. टाइम झोनमध्ये मुंबईचं नाव असलेली ५:३० ची ओळ निवडा. नेटवर्कमध्ये ‘टिपिकल’.

शेवटी संगीत वाजतं आणि काही प्रश्न येतात. ऑटोमॅटिक अपडेट: आत्ता नको. इंटरनेट: स्किप. रजिस्ट्रेशन: नको. नाव एक लिहा, आणि हिरवं माळरान, निळं आकाश असलेला तो डेस्कटॉप समोर येतो. मामा शेजारी बसले होते, त्यांनी स्क्रीनवर हात ठेवून ‘अरे, हाच!’ म्हटलं.

एक ध्यानात ठेवा. दुकानातून घेतलेल्या सीडीच्या एक्सपीला ३० दिवसांत ॲक्टिव्हेशन लागतं, नाहीतर नंतर डेस्कटॉप उघडत नाही. ब्रँडेड कॉम्प्युटरबरोबर आलेली त्याच कंपनीची रिकव्हरी सीडी त्याच मशीनवर वापरली, तर सहसा ॲक्टिव्हेशन मागत नाही. म्हणून कॅबिनेट आणि सीडी एकाच कंपनीची मिळत असेल तर ती जोडी फोडू नका.

ड्रायव्हर, मग सर्व्हिस पॅक

माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. पिवळी प्रश्नचिन्हं दिसतील. आधी चिपसेट, रीस्टार्ट. मग ग्राफिक्स, रीस्टार्ट. मग साउंड, शेवटी लॅन. क्रम बदलला तरी पुष्कळदा चालतं, पण चिपसेट आधी टाकला की बाकीची उपकरणं नीट ओळखली जातात.

मग सर्व्हिस पॅक ३. तो थेट पहिल्या एक्सपीवर बसत नाही, आधी सर्व्हिस पॅक १ किंवा २ असावा लागतो.

मराठी

कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा, ‘लँग्वेजेस’ या टॅबवर जा. तिथे खाली दोन चौकटी आहेत. वरच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ हे शब्द आहेत, तिच्यावर खूण करा. सीडी मागेल, ती घाला. सापडत नाही म्हणाला तर सीडीतलं ‘आय३८६’ हे फोल्डर दाखवा. रीस्टार्ट झाल्यावर मंगल फॉन्टमधली युनिकोड देवनागरी नीट जोडाक्षरांसह दिसू लागते. हे केलं नाही तर ‘क्ष’, ‘त्र’ तुटके दिसतात आणि वेलांटी भलत्या बाजूला जाते. त्याच टॅबवर ‘डिटेल्स’मध्ये मराठी कीबोर्ड जोडता येतो, तो इनस्क्रिप्ट मांडणीचा असतो.

जुन्या फॉन्टांना याची गरज नाही, पण नव्या युनिकोड मजकुराची जुन्याशी तुलना करायला ते उपयोगी पडतं, म्हणून मी दोन्ही ठेवतो.

आता खरं काम. कॉम्प्युटर बंद करून डोंगल मागच्या पोर्टला लावा. चालू असताना २५ पिनांच्या पोर्टला काही लावू वा काढू नका, पोर्ट जळू शकतं. मशीन सुरू करून डोंगलचा ड्रायव्हर, मग मराठी सॉफ्टवेअर, मग पेजमेकर. फॉन्ट जुन्या डिस्कवरून काढलेल्या प्रतीतून घ्या, त्याच नावाचा दुसरीकडून मिळवलेला फॉन्ट घेऊ नका. एकाच फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत एखाद्या जोडाक्षराचं घर बदललेलं असतं आणि पान उघडल्यावर ‘श्री’च्या जागी भलतंच काही येतं.

स्मरणिकेची फाइल उघडली तेव्हा पेजमेकरने सहा फॉन्टांची यादी दाखवली, म्हणाला हे नाहीत. ती यादी कागदावर उतरवून घ्या, ‘कंटिन्यू’ करू नका. ते सहाही फॉन्ट सीडीच्या एका कोपऱ्यातल्या फोल्डरात सापडले. इन्स्टॉल करून फाइल पुन्हा उघडली, आणि पहिल्या पानावर शाळेची दगडी इमारत, खाली सुवर्णमहोत्सवाची चौकट आणि त्याखाली सुरेख, तिरक्या शिरोरेषेचं शीर्षक. एकही काना हललेला नव्हता.

पहिलं काम पीडीएफ काढणं. पेजमेकर ७ बरोबर ॲक्रोबॅट डिस्टिलर येतो, त्यातून काढता येते. डिस्टिलरच्या सेटिंगमध्ये सगळे फॉन्ट पीडीएफमध्ये भरायला सांगा, आणि तयार पीडीएफ फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर उघडून बघा. तिथे नीट दिसली तरच काम झालं समजा. मजकूर युनिकोडमध्ये हवा असेल तर जुन्या फॉन्टांचे कन्व्हर्टर मिळतात, पण निघालेला मजकूर मूळ पानाशी ताडून वाचाच. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचंही तसंच, उलट्या दिशेने. ‘मूर्ती’, ‘वार्षिक’, ‘कार्यालय’ असे शब्द तिथेच बिघडतात.

नेट जोडू नका

मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला थांबवला. त्यानंतर मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून एक्सपीसाठी पॅच काढला, पण रोजची डागडुजी कधीच संपली. २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस, आला होता, तेव्हा ताजी एक्सपी नेटला जोडून नुसती ठेवली तरी साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होऊन मशीन रीस्टार्ट व्हायचं. लॅनचा ड्रायव्हर टाकला असला तरी केबल लावू नका. या कॉम्प्युटरवरून बँक, मेल, पासवर्ड काहीही नको.

घरातल्या नव्या विंडोजशी फोल्डर शेअर करायचा मोहही आवरा. एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त जुनी पद्धत येते, आणि नव्या विंडोजमध्ये ती सुरक्षेसाठी बंद असते. ती पुन्हा चालू केली तर चांगल्या मशीनचं दार उघडं राहतं. ने-आण पेनड्राइव्हवरून करा. या कामासाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवा आणि तो एक्सपीला लावताना शिफ्टचं बटण दाबून धरा, म्हणजे त्यावरचं काही आपोआप सुरू होत नाही. डीटीपी सेंटरमधून फिरलेल्या पेनड्राइव्हनी व्हायरस घरोघरी नेले, ते याच आपोआप सुरू होण्याच्या सवयीमुळे.

सगळं जमलं की डिस्कची प्रत

ड्रायव्हर, फॉन्ट, डोंगल, पेजमेकर, सगळं चालू लागलं की त्याच दिवशी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा. क्लोनझिला हे फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्क कन्व्हर्टरने लॅपटॉपला जोडा, क्लोनझिलाने लॅपटॉप सुरू करा आणि इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. स्रोत कोणता आणि ठिकाण कोणतं, ते नाव व आकार वाचून दोनदा तपासा, इथेही उलट झालं तर सगळं जातं. पुढे जुनी डिस्क मेली, तर दुसरी तेवढीच किंवा मोठी डिस्क घेऊन तासाभरात सगळं जसंच्या तसं उभं राहतं, पुन्हा ३९ मिनिटं बघत बसावं लागत नाही.

मग कॅबिनेटवर एक कागद चिकटवा: एक्सपीचा सर्व्हिस पॅक, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कुठे आहे, डोंगल कोणत्या सॉफ्टवेअरचा, इमेज कोणत्या डिस्कवर आणि ‘नेट जोडू नये’. पावसाळ्यात महिन्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा. मामांनी आता पतसंस्थेच्या अहवालाची सीडी काढून ठेवली आहे, ती पुढच्या रविवारी.